झाकलेले कोंबडे

मराठीत ‘मानमोडी’ हा शब्द दोन वेगळ्या मरणांसाठी वापरला गेला आहे. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली आणि ज्या साथीत या देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, तिला आपल्याकडील जुनी माणसे मानमोडी म्हणत. खेड्यापाड्यांतील कोंबड्यांना होणाऱ्या राणीखेत रोगाचेही हेच लोकनाम आहे. या रोगात पक्ष्याची मान वाकडी होते, तो गरगर फिरतो आणि खुराडेच्या खुराडे रिकामे होते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे दोन अगदी भिन्न विषाणू होत. राणीखेतचा विषाणू माणसाला डोळे येण्यापलीकडे सहसा फारसा त्रास देत नाही. तरीही ज्या भाषेने माणसाच्या आणि कोंबडीच्या मरणाला एकच नाव दिले, तिला अंगण आणि घर यांच्यामधला उंबरठा फार उंच नाही हे कुठेतरी ठाऊक असावे. १९१८चा विषाणू पक्ष्यांच्या विषाणूंशी जवळचे नाते सांगणारा होता, हे पुढे कित्येक दशकांनी संशोधकांनी दाखवून दिले. शब्द आधी आला, पुरावा मागाहून.

हा शब्द आम्हांला आठवण्याचे कारण आमच्या परिसरात नुकतेच घडून गेले आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. मानव-वन्यजीव संघर्षाच्या घटनांनंतर हे प्राणी चंद्रपूर जिल्ह्यातून तेथे हलवण्यात आले होते. भोपाळच्या राष्ट्रीय उच्चसुरक्षा पशुरोग संस्थेचा अहवाल जानेवारी २०२५च्या आरंभी आला. मृत्यूचे कारण होते एच५एन१, म्हणजे ज्याला आपण बर्ड फ्लू म्हणतो तो विषाणू. संशय त्यांना खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला. हा प्रकार अभूतपूर्व नव्हता. थायलंडमधील एका व्याघ्र प्राणिसंग्रहालयात २००४ साली कच्च्या कोंबड्या खाल्ल्याने वाघांमध्ये हीच साथ पसरली होती आणि शंभराहून अधिक वाघ मेले किंवा मारावे लागले होते. गोरेवाड्याची बातमी जुनी होण्याआधीच, त्याच जानेवारीत, ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे कोंबड्या मरू लागल्या. तपासणीत बर्ड फ्लूच निघाला. प्रशासनाने परिसर बाधित घोषित केला आणि कोंबड्या मारून पुरण्याची कारवाई झाली.

वर्तमानपत्रांनी वाघांना पहिले पान दिले आणि मांगलीला आतले. ताडोबाच्या जिल्ह्यात हे स्वाभाविक म्हणावे लागेल. पण प्रश्न वाघाचा असो वा गावाचा, साखळीतील मधला दुवा एकच आहे आणि तो म्हणजे माणसाने पाळलेली कोंबडी. त्या दुव्याविषयी आमच्या दोन जिल्ह्यांत जे बोलले जाते, ज्या भाषेत बोलले जाते आणि जे बोललेच जात नाही, त्याविषयी काही मते येथे मांडावीत असे आम्हांस वाटते. आम्ही पशुवैद्यक नाही. मराठी शिकवणारी माणसे आहोत. परंतु रोगप्रतिबंधाचा निम्मा भाग औषधाचा असेल, तर उरलेला निम्मा शब्दांचा आणि विश्वासाचा असतो, आणि त्या दुसऱ्या भागावर आमचा काही अधिकार पोचतो असे आम्ही समजतो.

प्रथम थोडा इतिहास. भारतात कोंबड्यांमधील एच५एन१ची पहिली नोंद महाराष्ट्रातच झाली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे नाव अकस्मात देशभर पोचले. तेथील व्यावसायिक कुक्कुटपालन केंद्रांतून लक्षावधी पक्षी मारण्यात आले. महिनाभरातच जळगाव जिल्ह्यातील काही खेड्यांत हाच रोग सापडला, आणि या वेळी तो परसातल्या कोंबड्यांत होता. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी सुमारे आठशे कोंबड्या दोन-तीन दिवसांत मेल्या. तिथेही निदान तेच झाले. म्हणजे गेल्या वीस वर्षांत हा पाहुणा राज्यात वारंवार येऊन गेला आहे. तो बहुधा हिवाळ्यात येतो. स्थलांतरित पाणपक्षी त्याच सुमारास येतात, आणि थंड, ओलसर विष्ठेत व पाण्यात विषाणू अधिक काळ टिकतो.

माणसांचे काय? नवापुरात माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. भारतातील पहिला मानवी मृत्यू २०२१च्या जुलैमध्ये नोंदला गेला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दाखल असलेला हरियाणातील तो एक मुलगा होता. २०२५च्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांच्या एका मुलीचा बळी गेला. आमच्या विदर्भाच्या दृष्टीने आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. एच९एन२ या सौम्य भावंड-विषाणूची भारतातील पहिली मानवी लागण २०१९ साली मेळघाटातील एका तान्ह्या बाळात सापडली. ते बाळ बरे झाले. ही लागण सापडली ती त्या भागात गावोगाव श्वसनरोगांची पाहणी चालू होती म्हणून. पाहणी नसती तर तो एक साधा ताप-खोकला ठरला असता. शोध घेणारे जिथे असतात तिथेच रोगाला नाव मिळते, हे यातून ध्यानात यावे. नाव नाही म्हणजे रोग नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

आकडे लहान आहेत, मग एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. गडचिरोलीत हिवताप आहे, सिकलसेल आहे, कुपोषण आहे, पावसाळ्यात पूर आल्यावर रुग्णालय गाठता न येणे आहे. त्यांच्यापुढे बर्ड फ्लू ही शहरी वृत्तवाहिन्यांची भीती वाटू शकते. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक, हाँगकाँगमध्ये १९९७ साली हा विषाणू पहिल्यांदा माणसांत उतरला तेव्हा अठरा जणांना लागण झाली आणि त्यांपैकी सहा दगावले. त्यानंतर २००३पासून आजवर जगभर नोंदल्या गेलेल्या मानवी रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. सौम्य लागणी नोंदीबाहेर राहत असतील हे मान्य केले तरी हे प्रमाण भयावह आहे. तो माणसातून माणसात सहजपणे पसरत नाही, हीच आजची सुटका. दोन, विषाणूला ते कसब साधायचे असेल तर त्याला माणसाच्या शरीरात शिरण्याच्या संधी हव्यात. अशी प्रत्येक संधी एखाद्या अंगणात, एखाद्या कत्तलीच्या ओट्यावर, मेलेली कोंबडी सोलणाऱ्या एखाद्या हातावर मिळते. साथ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा या संधी कमी करणे कितीतरी स्वस्त आहे. आणि जिथून रुग्णालय दूर आहे, तिथे प्रतिबंधाखेरीज दुसरा मार्गच नाही. गरिबाने प्रतिबंधाची चैन करू नये, हा युक्तिवाद उलटा आहे. उपचार परवडत नाहीत म्हणून तर प्रतिबंध गरिबाचा.

आता त्या कोंबडीकडे वळू. आमच्या जिल्ह्यांत दोन तऱ्हेच्या कोंबड्या नांदतात. रस्त्याकडेच्या लांबट शेडमधली पांढरी ब्रॉयलर. ती अनेकदा करार पद्धतीने पाळली जाते. पिल्ले आणि खाद्य कंपनीचे, शेड आणि श्रम शेतकऱ्याचे, आणि सुमारे सहा आठवड्यांत विक्री. दुसरी गावठी कोंबडी. ती दिवसभर उकिरड्यावर, बांधावर, तळ्याकाठी चरते आणि संध्याकाळी डालग्याखाली किंवा घरातच मुक्कामाला येते. पहिलीच्या बाबतीत गर्दी हा धोका असतो. हजारो एकसारखे पक्षी एका छपराखाली असले, की विषाणूला जणू वाळलेले रान मिळते. दुसरीच्या बाबतीत मोकळीक हा धोका ठरतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील माजी मालगुजारी तलावांवर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात, त्याच तलावांच्या काठी गावची बदके आणि कोंबड्या हिंडतात आणि त्याच पाण्यावर माणसे भांडी घासतात.

या दोघींपैकी दोषी कोण, असा वाद अधूनमधून झडतो. मोठे व्यावसायिक परसातल्या अस्वच्छतेकडे बोट दाखवतात. गावठी कोंबडीचे चाहते कारखानदारीकडे. नवापूर आणि जळगाव या दोन्ही नोंदी समोर ठेवल्या, तर या वादात कोणालाही जिंकता येणार नाही असे दिसते. आम्हांला स्वतःला गावठी कोंबडीची कड घेण्याचा मोह होतो. साहित्याच्या माणसाला तो होणारच. तथापि खेड्याविषयीचा जिव्हाळा हा जंतुनाशक नव्हे. उलट शेडवाल्यांनाही आपल्या भिंतींचा फार भरवसा धरता येणार नाही. पिल्लांची, खाद्याची आणि मालाची वाहने, खताच्या गोण्या, एका शेडमधून दुसऱ्यात काम करायला जाणारा मजूर आणि त्याची चप्पल या भिंती रोज ओलांडतात. प्रतिजैविकांचा मुद्दाही याच जातीचा आहे. माणसाच्या शेवटच्या उपायांपैकी एक असलेले कोलिस्टिन पशुपालनात सर्रास वापरले जात होते म्हणून जुलै २०१९मध्ये केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. कोंबडीच्या पोटात औषधाला निर्ढावलेले जंतू शेडच्या दाराशी थांबत नाहीत.

‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण आपण सत्याच्या संदर्भात वापरतो. साथीच्या काळात ती शब्दशः खरी होते. पश्चिम बंगालमध्ये २००८ साली मोठी साथ आली. चाळीस लाखांहून अधिक पक्षी मारण्यात आले. बहुतेक परसातले. त्या वेळी पथके येण्याआधी गावकऱ्यांनी कोंबड्या लपवल्याच्या, दुसऱ्या गावी पाठवल्याच्या, स्वस्तात विकून टाकल्याच्या बातम्या सातत्याने येत होत्या. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या डालग्याखाली काय झाकलेले असते याचा विचार करावा. आमच्याकडे घरची शेती, बैल, धानाचे पैसे पुरुषाच्या हाती असतात. कोंबड्या मात्र बहुधा बाईच्या. मुलाची वही, माहेरी जायचे भाडे, अवचित आलेला पाहुणा, आजारपणात दवाखान्याची वाट या साऱ्यांची तरतूद त्या आठ-दहा पक्ष्यांत असते. बँकेचे पासबुक जाळायला कोणी आले तर आपणही ते लपवूच.

नियम असा की रोग निश्चित झाल्यावर केंद्रापासून एक किलोमीटरच्या परिघातील सर्व पाळीव पक्षी मारावयाचे आणि पुढे दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवावयाची. निरोगी दिसणारी कोंबडीही यातून सुटत नाही, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. २०२१च्या साथीत राज्याने मोठ्या अंडी देणाऱ्या पक्ष्यासाठी ९० रुपये, मोठ्या मांसल पक्ष्यासाठी ७० रुपये आणि लहान पिलासाठी २० रुपये असा दर ठरवला होता. हे दर शेडमधल्या कोंबडीच्या हिशेबाने लावलेले आहेत. आठवडी बाजारात चांगल्या गावठी कोंबड्याला याच्या कितीतरी पट किंमत येते, हे बाजाराला जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. शिवाय भरपाई मारलेल्या पक्ष्याची मिळते, रोगाने आधीच मेलेल्याची नाही. यामागचा हेतू चांगला आहे, की मालकाने लवकर खबर द्यावी. पण ही गोष्ट मालकिणीला आधी कोणी सांगितलेलीच नसेल, तर तो हेतू शासन निर्णयाच्या कागदावरच राहतो. प्राण्यांमधील संक्रामक रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ साली केंद्राने केलेल्या कायद्यानुसार पशुपालकाने आणि ग्रामपंचायतीने रोगाची खबर देणे बंधनकारक आहे. बंधन आहे, आणि त्याच्या बदल्यात न्याय्य भाव नाही. अशा व्यवहारात कोंबडे झाकले जाणार, हे सांगायला तज्ज्ञाची आवश्यकता नाही. म्हणून आमचे पहिले म्हणणे हे, की गावठी पक्ष्याला त्याच्या बाजारभावाच्या जवळ जाणारी भरपाई मिळावी, ती त्याच आठवड्यात मिळावी आणि ती कोंबडीच्या खऱ्या मालकिणीच्या नावे मिळावी. हा खर्च दयेचा समजू नये. तो माहिती विकत घेण्याचा खर्च आहे, आणि साथीच्या दिवसांत माहितीइतकी मौल्यवान वस्तू दुसरी नसते.

दुसरे म्हणणे पुन्हा ‘मानमोडी’कडे नेते. आमच्या खेड्यांत दरवर्षी केव्हातरी ‘मर’ येते. चार दिवसांत गल्लीतली खुराडी रिकामी होतात. लोक हळहळतात आणि नव्याने अंडी उबवायला ठेवतात. बहुतेक वेळा ती राणीखेतच असते. परिणामी कोंबड्यांचे सामूहिक मरण ही गावाच्या अनुभवातील नित्याची गोष्ट होऊन बसली आहे. आता या नित्याच्या मरणाआड एखाद्या वर्षी बर्ड फ्लू येऊन उभा राहिला, तर त्याला ओळखणार कसे? दोन्हींत पक्षी मलूल होतो, झटपट मरतो. ज्या गावात दरवर्षी मर येते, त्या गावात ‘कोंबड्या मेल्या’ ही बातमीच होत नाही, मग ती पशुवैद्यकीय दवाखान्यात कोण पोचवणार? आपल्या देशाचे धोरण बर्ड फ्लूच्या बाबतीत आजवर बाधित पक्षी मारून रोग निपटण्याचेच राहिले आहे. राणीखेतची लस मात्र जुनी, स्वस्त आणि गुणकारी आहे. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब आणि पुढे सुमारे आठव्या आठवड्यात टोचायची लस. अडचण अगदी वेगळी आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची येते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या मालकिणीला ती एकटीने परवडत नाही. संपूर्ण गावाने एक दिवस ठरवला, तर सहज परवडते.

आणि गावाने मिळून ठरवणे ही आमच्या भागाला शिकवण्याची गोष्ट नव्हे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यासगटातून विषय समजून घेण्याची रीत देशाला दाखवली. जंगलावरील सामूहिक हक्क याच पद्धतीने मिळाले आणि सांभाळले गेले. ज्या ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवतात, त्यांना लसीकरणाचा दिवस ठेवणे अवघड नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बाईला आरोग्यदूत करून नवजात बालकांचे मृत्यू कमी करून दाखवले, तेही गडचिरोलीतच. आज बचतगटांच्या चळवळीतून ‘पशुसखी’ तयार होत आहेत. पशुसखीच्या हाती थंड डबा, लस आणि थोडे मानधन दिले, तर गावातली मर थांबेल. आणि मर थांबलेल्या गावात एका सकाळी पाच कोंबड्या मेलेल्या दिसल्या, तर ती खरोखरच बातमी होईल. नेहमीचा रोग आवरला म्हणजे अनोळखी रोग आपोआप उघडा पडतो. हा आमच्या मते या सर्व प्रश्नाचा गाभा आहे.

तिसरे म्हणणे भाषेचे. साथीच्या दिवसांत जी पत्रके निघतात, त्यांत ‘जैवसुरक्षा’, ‘निर्जंतुकीकरण’, ‘संनियंत्रण क्षेत्र’, ‘शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट’ असे शब्द असतात. हे शब्द चुकीचे नाहीत. कायद्याला त्यांची गरज आहे. पण धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या बाईला ‘शास्त्रोक्त विल्हेवाट’ म्हणजे काय करायचे, हे त्यातून उमगत नाही. तिथे झाडीबोली आहे, भामरागड-एटापल्लीकडे माडिया आणि गोंडी आहे, सिरोंच्याकडे तेलुगू आहे. झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या संशोधकांनी आयुष्य वेचून केला, साहित्य संमेलने भरवली. त्या अभ्यासाचा उपयोग एखाद्या पत्रकाला का होऊ नये?

सांगायचे ते खरे तर फार थोडे आहे आणि साध्या क्रियापदांत बसते. एकाएकी मेलेली कोंबडी सोलू नका, खाऊ नका, कुत्र्यामांजरांना घालू नका, नाल्यात वा जंगलात फेकू नका. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, तोंडाला फडके बांधून उचला. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. मुलांना दूर ठेवा. नंतर हात साबणाने धुवा. पण पुरण्याआधी दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा, म्हणजे नमुना घेता येईल. बदके आणि कोंबड्या एकत्र कोंडू नका. बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवा. पूर्ण शिजवलेले मांस आणि अंडे निर्धास्त खा. ७० अंशांवर विषाणू टिकत नाही. आजारी पक्षी हाताळल्यावर ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबडीचे आवर्जून सांगा. यातील शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण डॉक्टर ते आपण होऊन क्वचितच विचारतात.

मांजरांचा उल्लेख आम्ही उगाच केलेला नाही. २०२५च्या आरंभी नागपूरला लागून असलेल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत हाच विषाणू सापडला आणि जवळच्या चिकनच्या दुकानांतील नमुनेही बाधित निघाले. गोरेवाड्याचा वाघ आणि छिंदवाड्याची मांजर यांची गोष्ट एकच आहे. फेकलेल्या मेलेल्या कोंबडीला जंगलाच्या कडेला वाली फार असतात. कोल्हा येतो, रानमांजर येते, कावळा येतो, बिबट्याही येतो. आमच्या जिल्ह्यांत गाव संपून जंगल कोठे सुरू होते ते नकाशावर दिसते, जमिनीवर दिसत नाही.

हे सारे सांगणार कोण आणि कोठे? येथे आम्हांला झाडीपट्टी रंगभूमीची आठवण होते. वडसा-देसाईगंज हे केंद्र असलेल्या या रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. मंडई आणि शंकरपट यांचेही दिवस तेच. बर्ड फ्लूचे महिनेही तेच. ज्या रात्री गावोगावचे हजारो लोक एका मांडवात पहाटेपर्यंत बसतात, त्याच्याइतके दुसरे लोकव्यासपीठ या भागात नाही. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची ताकद उर्वरित महाराष्ट्राच्या ध्यानात आली. मात्र येथे एक सावधगिरी हवी. सरकारी संदेशाचे नाटक करू नये. संदेशाने मारलेली नाटके आपण पुष्कळ पाहिली आहेत. नाटकाच्या मध्यंतरात, झाडीबोलीत, एखाद्या परिचित विनोदी पात्राच्या तोंडून पाच मिनिटांचे बोलणे पुरे. दंडारीतील सोंगाड्याला हे काम कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगले जमेल.

अवघड भाग श्रद्धेचा आहे. माडिया-गोंड समाजात कोंबडी ही केवळ अन्न नव्हे. देवाला, पूर्वजांना, पेरणीला, आजारपणाला तिचे अर्पण असते. बाहेरून आलेला सुधारक येथे लगेच उपदेश सुरू करतो आणि संवाद तिथेच संपतो. अर्पण थांबवा असे म्हणण्याची काहीही गरज नाही. आजारी पक्षी देवाला देऊ नये, हे सांगणे पुरेसे आहे. आणि चांगले तेच अर्पावे ही भावना तर मुळातच असते. तिच्याशी विरोध न करता तिचा हात धरून आरोग्याचा मुद्दा मांडता येतो. कोंबडबाजाराची गोष्ट वेगळी. पायाला धारदार काती बांधून झुंजवलेले कोंबडे, रक्त, पैज आणि वेगवेगळ्या गावांहून आलेले पक्षी एका रिंगणात असतात. कायद्याने ते निषिद्ध आहेच. रोगाच्या दृष्टीनेही यापेक्षा सोयीची जागा विषाणूला मिळणार नाही. परंपरेच्या नावाखाली जुगाराचे समर्थन करणाऱ्यांनी अर्पण आणि पैज यांतील भेद विसरू नये.

आमच्या वाचकांत मराठीचे विद्यार्थी आणि अध्यापक अधिक आहेत. त्यांना हा विषय परका वाटण्याची शक्यता आहे. परंतु दर हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे याच खेड्यांत भरतात, आणि बोलींचा अभ्यास हा आपल्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. विद्यार्थ्यांनी एका शिबिरात कोंबडीच्या रोगांची गावातील नावे, लक्षणांसाठी वापरले जाणारे शब्द, मर येण्याचे महिने एवढे जरी टिपून आणले, तरी तो भाषाभ्यासही होईल आणि पशुवैद्यकाला उपयोगी पडेल असा दस्तऐवजही. रोगाला लोक काय म्हणतात हे कळल्याशिवाय रोगाविषयी लोकांशी बोलता येत नाही. पत्रकाचा मसुदा करताना अशी शब्दसूची शेजारी असेल, तर निम्मे पत्रक आपोआप सुधारेल.

पूर्वेकडच्या अरण्यांतील लाल रानकोंबडा आणि दख्खनचा राखी रानकोंबडा यांच्या प्रदेशांची सीमा गोदावरीच्या आसपास आहे, असे पक्षितज्ज्ञ सांगतात. त्यांतला लाल रानकोंबडा हा साऱ्या जगाच्या पाळीव कोंबडीचा मूळपुरुष. म्हणजे आपल्या खुराड्यातील पक्षी आणि बाहेरच्या रानातील पक्षी हे एकाच घरचे आहेत. माणूस या घरात मागाहून आला आणि मालक झाला. मालकी घेतली की निगा आलीच. ती निगा राखण्यासाठी लागणारी लस आहे, कायदा आहे, ग्रामसभा आहे, पशुसखी आहे, मांडवात जमणारे लोकही आहेत. उणीव आहे ती खबर देणाऱ्या बाईला तोटा होणार नाही अशा हमीची, आणि ती हमी तिच्या बोलीत सांगणाऱ्या माणसाची. पहिली उणीव शासनाने भरून काढायची आहे. दुसरीसाठी मराठीच्या वर्गाबाहेर फार दूर जावे लागणार नाही.